‘बेचिराग’ गावात पुन्हा दिवा : १८१८ नंतर उज्जैन परिसराची पुनर्वस्ती

प्रस्तावना

मराठीत ‘बेचिराख’ हा शब्द सर्रास वापरला जातो. भूकंपात गाव बेचिराख झाले, बाँबहल्ल्यात शहर बेचिराख झाले, अशी वाक्ये वृत्तपत्रांत नेहमी वाचायला मिळतात. शब्दाच्या शेवटी ‘राख’ ऐकू येत असल्यामुळे जळून खाक होणे हाच त्याचा अर्थ असावा, असा समज दृढ झाला आहे. वस्तुतः हा शब्द फारसी ‘बे-चिराग’ या शब्दावरून आला. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात तिन्हीसांजेला दिवा लागत नाही, ते गाव बेचिराग. अशा गावात घरांच्या भिंती उभ्या असतील, विहिरीला पाणी असेल, शेताची मातीही पूर्वीइतकीच काळी असेल. परंतु दिवा लावणारे कोणी उरलेले नाही, एवढाच त्याचा मूळ अर्थ. उत्तर भारताच्या महसुली भाषेत ओसाड गावासाठी हा शब्द अजूनही परिचित आहे.

शब्दाच्या अर्थात झालेला हा बदल इतिहासाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारा आहे. युद्धाची हानी मोजताना जळालेली घरे, पडलेले बुरूज आणि मेलेली माणसे यांची गणती सहज होते. भीतीने सोडून दिलेली जमीन मात्र कोणत्याही विजयगाथेत वा शोकगीतात फारशी येत नाही. आधुनिक काळात भूसुरुंगांनी हाच प्रश्न नव्या रूपात उभा केला. कंबोडिया, अंगोला, अफगाणिस्तान या देशांत युद्धे थांबल्यावरही हजारो शेते पडीक राहिली, कारण त्या शेतांत पाय टाकण्याचा धीर कोणाला होईना. सुरुंग प्रत्यक्षात असो वा नसो, संशय पुरेसा असतो. असे शेत म्हणजे आधुनिक ‘बेचिराग’ जमीनच होय.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यात भूसुरुंग नव्हते. तथापि दीर्घ सशस्त्र संघर्षानंतर ओसाड पडलेला मुलूख पुन्हा कसा वसतो, याचे आकडेवारीसह नोंदलेले एक महत्त्वाचे उदाहरण उज्जैन आणि त्याच्या भोवतालच्या परगण्यांत सापडते. प्रस्तुत लेखात १८०१ ते १८२१ या काळातील त्या उदाहरणाचा परामर्श घेतला आहे.

‘गर्दी’चा काळ

माळव्यातील लोक या काळाला ‘गर्दी का वक्त’ म्हणत. आज मराठीत गर्दी म्हणजे माणसांची दाटी. अठराव्या शतकात मात्र या शब्दाचा अर्थ दंगल, अंदाधुंदी, राज्यव्यवस्थेची उलथापालथ असा होता. पानिपतच्या आठवणीतून आलेला ‘भाऊगर्दी’ हा शब्द त्याच अर्थाची खूण आहे. दिल्लीकडे ‘शाहगर्दी’, ‘जाटगर्दी’, ‘मराठागर्दी’ असे शब्द रूढ होते. ज्याच्या फौजा आल्या त्याच्या नावाची गर्दी, असा लोकांचा साधा हिशोब होता.

या काळापूर्वी परिसराची स्थिती चांगली होती. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वर मंदिराची पुन्हा उभारणी केली, ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याच शतकात दाऊदी बोहरा समाजाच्या ३९ व्या व ४० व्या दाईंचे वास्तव्य उज्जैनमध्ये होते आणि दोघांचेही निधन याच शहरात झाले. व्यापारी समाजाच्या धर्मगुरूंनी या शहरात राहणे पसंत केले, यावरून येथील पेठेच्या स्थैर्याची कल्पना येते. शेजारच्या होळकर मुलखात अहिल्याबाईंचा कारभार १७९५ पर्यंत सुरळीत चालला.

पुढे शिंदे आणि होळकर यांच्यात वैर पेटले. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा पराभव केला. या पलटणींचे नेतृत्व जॉर्ज हेसिंग याच्याकडे होते. त्यानंतर शहरातील सावकार व धनिकांकडून मोठी खंडणी वसूल करण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटून सूड उगवला. एका शहराचा बदला दुसऱ्या शहरावर घेतला गेला. दोन्ही ठिकाणी भरडली गेली ती पेठ आणि रयत. पुढे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा मुक्काम ग्वाल्हेरजवळच्या लष्करात स्थिरावला आणि उज्जैनचे राजधानीपण गेले.

भूगोलाने या संकटात भर घातली. आजचा उज्जैन जिल्हा पाहिला तर त्यात शिंद्यांचे व होळकरांचे परगणे एकमेकांत गुंतलेले दिसतात. उज्जैन, खाचरोद, बडनगर शिंद्यांकडे. महिदपूर आणि तराना होळकरांकडे. लागूनच देवासच्या पवारांचा मुलूख. लुटारू टोळीने एका राज्यात गाव मारावे आणि काही तासांत दुसऱ्याच्या हद्दीत निघून जावे, असे सहज घडे. हद्दीपलीकडे पाठलाग करण्याचा अधिकार कोणाला नव्हता आणि बहुतेकांना इच्छाही नव्हती, कारण याच टोळ्या प्रसंगी दोन्ही सरदारांच्या फौजांबरोबर चालत.

पेंढारी कोण होते?

या टोळ्यांना पेंढारी हे नाव होते. शालेय इतिहासात त्यांचे चित्र बहुधा एकरंगी असते आणि चितू, करीमखान, वासिल महंमद अशा म्होरक्यांच्या नावांवरून एका धर्माच्या लोकांवर शिक्का मारण्याची सवयही आढळते. समकालीन नोंदी वेगळे सांगतात. या टोळ्यांत मुसलमान होते, तसेच निरनिराळ्या जातींचे हिंदूही होते. ज्यांची नोकरी तुटली असे शिपाई, ज्यांचे गाव ओस पडले असे कुणबी आणि लुटीच्या आशेने आलेले भटके या सर्वांना टोळीत जागा होती. समकालीन इंग्रज अंदाजांप्रमाणे त्यांच्या स्वारांची संख्या वीस ते तीस हजारांच्या घरात होती.

ही संख्या का वाढली, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या तैनाती फौजेच्या धोरणामुळे देशी संस्थानांच्या फौजा कमी झाल्या आणि हजारो हत्यारबंद माणसे बेकार झाली. पगार थकलेल्या सरदारांनी आपल्या फौजांना रयतेवर सोडले. लुटीने गाव उजाड होई, उजाड गावातून महसूल मिळेना, महसूल नाही म्हणून पगार नाही आणि पगार नाही म्हणून पुन्हा लूट. हे चक्र एकदा सुरू झाल्यावर त्याला कोणा एका दुष्ट माणसाची गरज उरली नाही.

महिदपूर आणि मंदसोर

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने १८१७ मध्ये एक लाखाहून अधिक फौज चारी बाजूंनी मध्य हिंदुस्थानात उतरवली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दौलतराव शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध साहाय्य करण्याचा तह केला. त्याच महिन्यात अमीरखानाशी कंपनीचा करार झाला. होळकर दरबारात मात्र फूट होती. राज्यकारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंची २० डिसेंबर रोजी हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम यांच्या सैन्याने पराभव केला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला. होळकरांच्या वतीने बोलणी करणारे तात्या जोग पुढे राज्याचे दिवाण झाले आणि इंदूर ही राजधानी ठरली.

इतिहासाची पाठ्यपुस्तके बहुधा येथे थांबतात. ज्या कुणब्याचे गाव पंधरा वा तीस वर्षे ओसाड होते, त्याच्या दृष्टीने या तारखेला काहीच बदलले नव्हते. तहावर सह्या झाल्याने विहिरीतला गाळ निघत नाही, की शेतात वाढलेले जंगल तुटत नाही.

हत्यारबंदांची व्यवस्था

सुरुंग काढल्याशिवाय शेत कसता येत नाही. त्याचप्रमाणे हत्यारबंद टोळ्यांची व्यवस्था लावल्याशिवाय गाव वसणे शक्य नव्हते. ही व्यवस्था तीन प्रकारे झाली.

पहिला प्रकार सत्तेत सामावून घेण्याचा. अमीरखानाने फौज मोडायची व तोफा द्यायच्या, बदल्यात होळकरांकडून मिळालेला मुलूख त्याच्याकडे कायम राहायचा, असे ठरले. त्यातून टोंक संस्थान उभे राहिले. अमीरखानाचे फारसी चरित्र ‘अमीरनामा’ बसावनलाल या त्याच्या मुनशीने लिहिले. ज्या घराण्याची ओळख घोडदळाच्या धाडींनी झाली होती, त्याच्या राजधानीत पुढे अरबी-फारसी हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमला आणि आज तेथे मौलाना आझादांच्या नावाची संशोधन संस्था उभी आहे. अमीरखानाचा नातलग गफूरखान याला मंदसोरच्या तहाने जावऱ्याचा मुलूख मिळाला. जावरा उज्जैनपासून फार दूर नाही.

दुसरा प्रकार जमीन देऊन दूर वसवण्याचा. करीमखानाने १८१८ च्या आरंभी माल्कमपुढे शरणागती पत्करली. त्याला गोरखपूरच्या बाजूला जमीन देण्यात आली. नामदारखान भोपाळच्या मुलखात स्थायिक झाला. तिसरा प्रकार अंतापर्यंत पाठलागाचा. चितूने तडजोड नाकारली आणि असीरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला मारले. वासिल महंमदाने गाझीपूर येथे नजरकैदेत विष घेतले.

याखेरीज गिरासिया ठाकुरांचा प्रश्न होता. ‘तनखा’ या नावाखाली ते गावागावांतून सशस्त्र वसुली करीत. माल्कमने त्यांचा हक्क सरसकट नाकारला नाही. रक्कम ठरवून दिली आणि ती वसूल करण्यासाठी गावात घोडेस्वार नेण्यास बंदी केली. ठाकुराला पैसे मिळाले आणि गावाला घोड्यांच्या टापा ऐकू येणे थांबले. आजच्या भाषेत याला हिंसेचे कारण काढून घेणे म्हणता येईल.

कौल, इस्तावा, तगाई, वतन

धोका हटला, तरी लोकांना तो हटल्याची खात्री पटावी लागते. या दोन गोष्टींमध्ये मोठे अंतर असते आणि पुनर्वस्तीचे खरे काम त्या अंतरात चालते. त्यासाठी नवी यंत्रणा शोधावी लागली नाही. मराठी राज्यांच्या दप्तरात ती शब्दांसह आधीपासून होती.

पहिला शब्द ‘कौल’. अरबी ‘कौल’ म्हणजे बोललेला शब्द, वचन. परागंदा रयतेला सरकार कौल देई : परत या, मागील बाकीसाठी तगादा होणार नाही, ठरल्यापेक्षा जास्त घेतले जाणार नाही. मराठीत देव कौल देतो आणि मतदारही कौल देतात. या शब्दाचा मान त्याच्या पाळण्यात आहे. कौल एकदा मोडला की पुढच्या दहा कौलांना किंमत उरत नाही, हे जुन्या कमाविसदारांना पक्के ठाऊक होते.

दुसरा शब्द ‘इस्तावा’. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, पुढे दरवर्षी थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण दरावर आणायचा, अशी ही पद्धत. जमीन साफ करण्याचे कष्ट हीच कुणब्याची गुंतवणूक आहे, ही समज त्यामागे आहे.

तिसरा शब्द ‘तगाई’. अरबी ‘तकावी’ या शब्दावरून तो आला. मूळ धातूचा अर्थ बळ. बैल, बियाणे, विहिरीची दुरुस्ती यांसाठी सरकारने दिलेली उचल म्हणजे तगाई. रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला जमीन मिळाली, तरी बैलाशिवाय ती नांगरता येत नाही.

चौथा शब्द ‘वतन’. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी; मराठीत वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा हक्क आणि त्याबरोबरचे काम. माळव्यात हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. माल्कमने नोंदवले आहे की, विखुरलेल्या गावकऱ्यांनी परमुलखातही परस्परांशी संबंध तुटू दिले नाहीत. श्रीमंत-गरीब सर्वांचे येणे-जाणे राहिले, आपसांत सोयरिकी होत राहिल्या. गाव जमिनीवर उरले नव्हते, पण नात्यांत टिकून होते.

शांतता झाल्यावर हे लोक परतू लागले, तेव्हाचे माल्कमचे वर्णन प्रसिद्ध आहे. कित्येक गावे तीस वर्षांहून अधिक काळ ओस होती. गाव सोडून गेलेला मूळ पटेल हयात नव्हता. अशा वेळी त्याचा नातू वा पणतू, कधी अगदी तान्हा, कडेवर घेऊन लोकांनी त्याला मिरवणुकीच्या अग्रभागी ठेवले. छप्पर उडालेल्या घराच्या भिंती ज्याच्या त्याने ओळखल्या, शेते ज्याची त्याने ताब्यात घेतली आणि थोड्याच दिवसांत गावगाडा पूर्ववत चालू लागला.

तान्ह्या मुलाला गावचा कारभार करता येत नाही, हे उघड आहे. त्याला पुढे ठेवण्याचे कारण निराळे होते. पटेलाचा वंशज पुढे असला म्हणजे हे गाव कोणाचे, हा वाद उरत नाही. आणि जो आपले तान्हे मूल घेऊन येतो, त्याला शांततेचा भरवसा आहे, हे मागून येणाऱ्यांना दिसते. शेताच्या सीमा ओळखण्याच्या कामी माळव्यात बलाई आणि महाराष्ट्रात महार यांची माहिती महत्त्वाची मानली जाई. गावगाड्यात ज्यांचे स्थान सर्वांत खाली ठेवले होते, त्यांच्याच स्मरणात गावाचा नकाशा सुरक्षित होता. त्याचे मोल त्यांना मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे.

आकडे काय सांगतात?

माल्कमच्या १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथातील एक आकडेवारी या संदर्भात मोलाची आहे. होळकरांच्या राज्यात एकूण ३,७०१ गावे होती. त्यांपैकी १८१७ मध्ये २,०३८ गावांत वस्ती होती आणि १,६६३ गावे बेचिराग होती. म्हणजे दर १०० गावांतील सुमारे ४५ गावांत दिवा लागत नव्हता. १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावे पुन्हा वसली. तीन वर्षांत एकूण १,१२० गावे परत आली; ५४३ शिल्लक राहिली.

या आकड्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पहिल्या वर्षी वेग सर्वांत कमी आणि तिसऱ्या वर्षी सर्वांत जास्त, जवळजवळ दुप्पट. केवळ लष्करी विजयामुळे लोक परतले असते, तर विजयाच्या वर्षीच लोंढा यायला हवा होता. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी थोडे धाडसी लोक आले. त्यांचे पीक कापले गेले, सारा ठरल्याप्रमाणेच घेतला गेला, रात्री कोणी घोडेस्वार आला नाही, हे शेजारच्या परागंदा लोकांनी पाहिले. मग दुसऱ्या वर्षी थोडे अधिक आले आणि तिसऱ्या वर्षी त्याहून अधिक. आकड्यांचा सर्वांत संभवनीय अर्थ हाच दिसतो. विश्वास हा हुकमाने निर्माण होत नाही. तो एकेका हंगामाने वाढतो.

गणतीचे एककही मार्मिक आहे. माल्कमने किती बिघे जमीन वा किती रुपये महसूल एवढेच मोजले नाही. किती गावांत दिवा लागला, हे मोजले. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हती. येथील दप्तरी भाषेने ती त्याला दिली.

दुसरी बाजू

या चित्राचा स्वीकार करताना सावधगिरी आवश्यक आहे. ही आकडेवारी आणि हे वर्णन विजेत्याच्या लेखणीतून उतरले आहे. कंपनीच्या सत्तेने शांतता आणली, हे दाखवण्यात माल्कमला स्वाभाविक रस होता. अंदाधुंदी वाढण्यात कंपनीच्याच धोरणाचा जो वाटा होता, त्याला अशा लेखनात पुरेसे स्थान मिळत नाही. वादाशिवाय सर्व शेते वाटली गेली, हे विधान सर्व गावांना लागू असेल, असे मानणे कठीण आहे.

दुसरे असे की, आकडे होळकर मुलखाचे आहेत. उज्जैन शहर शिंद्यांचे असल्याने ते त्यात येत नाही. गावे तीन वर्षांत उभी राहिली, तरी शहराचे गेलेले वैभव तेवढ्या लवकर परतले नाही. क्षिप्रेकाठचा कालियादेह महाल पेंढारी काळात उद्ध्वस्त झाला, असे सांगितले जाते; त्याची दुरुस्ती माधवराव शिंद्यांनी केली, ती १९२० मध्ये. सवाई जयसिंहांच्या वेधशाळेची डागडुजी १९२३ मधली. कुणब्याच्या झोपडीवर छप्पर चढायला एक पावसाळा पुरतो. दगडी वास्तूला शंभर वर्षे थांबावे लागले.

तिसरे, परतलेल्यांचा हिशोब आहे. न परतलेल्यांचा नाही. फौजा मोडल्यावर रस्त्यावर आलेले शिपाई, लुटीत ज्यांचे सर्वस्व गेले अशा स्त्रिया, डोंगरात ढकलले गेलेले भिल्ल यांच्यासाठी वतनाचा आधार नव्हता. ज्याचे गावात नाव होते, तोच गावात परतू शकला. शिवाय शांततेबरोबर नव्या अडचणी आल्या. माळव्याच्या काळ्या जमिनीतील अफू हे नगदी पीक कंपनीच्या डोळ्यांत भरले आणि १८२० च्या दशकात तिच्या खरेदी-विक्रीवर मक्तेदारी बसवण्याचा प्रयत्न झाला. त्यातून चोरटी वाहतूक आणि असंतोष वाढला. अखेर १८३० च्या सुमारास मक्तेदारी सोडून परवान्याची पद्धत आणावी लागली. महिदपूरला ठेवलेल्या पलटणीने नोव्हेंबर १८५७ मध्ये बंड केले, ही गोष्टही विसरता येत नाही. गावांत दिवे लागले होते, पण सर्वांच्या मनातला अंधार गेला नव्हता.

आजच्या संदर्भात

भूसुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार डिसेंबर १९९७ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि १ मार्च १९९९ पासून अमलात आला. त्यासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेला व जोडी विल्यम्स यांना १९९७ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारत या कराराचा सदस्य नाही. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर झालेल्या हल्ल्यानंतर पश्चिम सीमेवर मोठ्या प्रमाणात सुरुंग पेरले गेले. त्यासाठी राजस्थान, पंजाब आणि जम्मू-काश्मीरमधील शेतकऱ्यांची शेते घेतली गेली आणि ती साफ होऊन परत मिळेपर्यंत अनेकांचे हंगाम बुडाले. २०२५ मध्ये बाल्टिक देशांसह युरोपातील पाच देशांनी करारातून बाहेर पडत असल्याची सूचना दिली. तेव्हा हा प्रश्न जुना झालेला नाही.

सुरुंगमुक्तीच्या कामाची आज पाच अंगे मानली जातात : सुरुंग काढणे, धोक्याविषयी लोकशिक्षण, जखमींना साहाय्य, साठ्यांचा नाश आणि बंदीसाठी प्रचार. यंत्राने साफ केलेली जमीन कागदावर सुरक्षित ठरते, तरी शेतकरी लगेच नांगर धरत नाही. म्हणून अनेक ठिकाणी सुरुंग काढणारे कर्मचारी गावकऱ्यांच्या देखत त्या शेतातून स्वतः चालून दाखवतात आणि मगच जमीन मालकाच्या हवाली करतात. तान्ह्या पटेलाला पुढे घालून परतलेल्या माळव्यातील गावकऱ्यांना या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. हाही एक कौलच आहे. फरक इतकाच, की तो शब्दाऐवजी पावलांनी दिला जातो.

समारोप

उज्जैन परिसराच्या या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. संघर्ष थांबणे आणि वस्ती परतणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. हत्यारबंद माणसाला जगण्याचा दुसरा मार्ग द्यावा लागतो. परतणाऱ्याला दिलेले वचन पाळावे लागते, त्याच्या हाती बैल-बियाणे द्यावे लागते आणि पहिल्या हंगामात त्याच्याकडून फार मागायचे नसते. ज्यांच्या नावावर वतन नाही, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तो न झाल्यास पुनर्वस्ती अपुरी राहते.

अध्यापनाच्या दृष्टीनेही या विषयाला महत्त्व आहे. पेंढारी युद्ध शिकवताना लढाया व तहांच्या तारखांबरोबर वरील तीन वर्षांचे आकडे फळ्यावर मांडले आणि पहिल्या वर्षीचा आकडा सर्वांत लहान का, एवढाच प्रश्न विचारला, तर विद्यार्थी स्वतः उत्तर शोधू लागतील. गर्दी, कौल, तगाई, वतन, बेचिराग या शब्दांची यादी करून त्यांचे उर्दू व मराठी अर्थ शेजारी शेजारी लिहून घेतले, तर दोन्ही भाषांच्या वर्गांना एकत्र काम करता येईल. मुलूख उजाड झाल्याचे दुःख आणि तो पुन्हा वसवण्याचे शहाणपण या दोन्हींची नोंद दोन भाषांनी मिळून ठेवली आहे. ‘बेचिराख’ शब्दातील राखेखाली दिवा आहे, एवढे जरी विद्यार्थ्यांच्या ध्यानात राहिले, तरी युद्धोत्तर पुनर्वसनाचा पहिला धडा त्यांना मिळाला असे म्हणता येईल.